हॉलला क्रीम की पीच? वाचकांचे रंगप्रश्न

पिवळ्या-तांबड्या बाजूच्या, म्हणजे ज्यांना आपण उबदार म्हणतो त्या रंगांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी बाकीच्यांनाही लागू पडतात.

प्रश्न : आमचा हॉल १४ बाय ११ फुटांचा, पहिल्या मजल्यावर. खिडकी एकच, उत्तरेला. समोर दहा-बारा फुटांवर दुसरी इमारत, तिचा रंग हिरवट राखाडी. खाली पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, दरवाजे सागवानी. ह्यांना क्रीम हवा, मला आणि मुलीला फिकट पीच. शेड कार्डावर दोन्ही छान दिसतात. रंगारी म्हणतो, ‘काहीही लावा, शेवटी उजेडावर आहे.’ कोणता घ्यावा आणि किती लागेल? (डोंबिवली)

उत्तर : तुमचा रंगारी टोलवाटोलवी करता करता खरं बोलून गेला आहे.

तुमच्या हॉलमध्ये थेट ऊन जवळजवळ येतच नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि त्यातलाही बराचसा समोरच्या हिरवट भिंतीवर आपटून. खोलीत शिरणाऱ्या उजेडात तांबडा भाग आधीच कमी. अशा उजेडात क्रीम आणि पीच दोन्ही बिघडतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

आधी क्रीम. बरीचशी क्रीम पांढऱ्या बेसमध्ये (छटा मिसळायच्या मूळ रंगात) पिवळा ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचं पिवळं रंगद्रव्य, घालून आणि त्याचा भडकपणा मारायला काळ्याचे थेंब टाकून होतात. पिवळ्यात काळा गेला की शेवाळी छटा येते. डब्यात स्टेनर (छटा आणणारा दाट रंग) मिसळणाऱ्या कुठल्याही रंगाऱ्याला हे ठाऊक असतं. दक्षिणेच्या उन्हात ही छटा दबून राहते. उत्तरेच्या सावलीत ती वर येते आणि पावसाळ्यातल्या दुपारी भिंत शिळ्या वरणासारखी दिसू लागते. मग लोक म्हणतात, दुकानदाराने रंग चुकवला. रंग बरोबरच असतो.

पीचमध्ये पिवळ्याच्या जोडीला तांबडा असतो. उजेडातला तांबडा कमी पडला तरी भिंतीकडे थोडा शिल्लक राहतो, म्हणून सावलीत पीच मरत नाही. त्याची खोड निराळी. एका भिंतीवरचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो, आणि दर फेरीला अधिक गडद होत जातो. त्यात तुमच्या टाइल्स पांढऱ्या आणि चकचकीत. त्या खालून भर घालतात. कार्डावर दोन इंचांच्या तुकड्यात जो पीच नाजूक दिसला, तो चारी भिंतींना लागला की फिकट भगव्याकडे झुकतो. कोपऱ्यात तर हमखास.

आमचा कौल पीचला, पण तुम्हाला आवडलेल्या पीचला नव्हे. कार्डाच्या ज्या उभ्या पट्टीवर तुमचा रंग आहे, त्याच पट्टीत दोन घरं वर जा. तो कार्डावर अगदीच पांढरट वाटेल. खोलीत तो तुमच्या मनातला पीच होईल.

ह्यांचा आग्रह क्रीमचाच असेल तर वाट बंद नाही. क्रीम निवडताना नावाकडे बघू नका; ‘मलई’, ‘चंदन’, ‘मोती’ ही नावं डबे खपवायला असतात. मशिनवर रंग काढताना संगणकाच्या पडद्यावर त्याची कृती दिसते: कोणता स्टेनर किती. दुकानदाराला ती वाचून दाखवायला सांगा. नुसता पिवळा आणि काळा असेल तर तुमच्या खोलीसाठी ती छटा सोडा. पिवळ्याबरोबर लाल ऑक्साइड असेल, थोडासुद्धा, तर ती क्रीम बदामीकडे झुकते आणि उत्तरेच्या उजेडात टिकते. तुम्हा दोघांचं भांडण मिटण्याची जागाही हीच: बदामी क्रीम आणि फिकट पीच यांच्यात फरक असतो तो तांबड्याच्या काही थेंबांचा.

आता चाचणी. जुन्या भिंतीवर ब्रशने चार पट्टे ओढून निवड करू नका. आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो: जुनी भिंत फिक्या निळ्या रंगाची असेल तर तिच्यावर कोणताही पीच उगाच भडक वाटेल. त्याऐवजी दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, प्रत्येक छटेचे दोन. त्यांना प्रायमरचा एक हात द्या, वाळल्यावर रंगाचे दोन हात. कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडा. २०० मिलीच्या नमुना डब्यात एवढं आरामात होतं. वाळायला पूर्ण एक दिवस द्या. इमल्शन ओलं असताना दुधट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओल्या तुकड्यावर मत बनवू नका.

मग एका छटेचे दोन तुकडे खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा, उघडलेल्या पुस्तकासारखे, आणि मधल्या कोनात बघा. कडेला रंग फिका दिसेल आणि कोनात गडद. चारी भिंती रंगल्यावर खोली दिसेल ती साधारण त्या कोनासारखी. एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्म्या चुका टळतील.

तुकडे खिडकीच्या भिंतीलगत, तिच्या समोर आणि आतल्या अंधाऱ्या बाजूला असे तिन्हीकडे ठेवून बघा. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच, आणि रात्री दिवे लावून. दिवसा बघताना ट्यूब बंद ठेवा. शेजारी कोरा पांढरा कागद धरा. त्याच्या जोडीला क्रीममधली हिरवट झाक आणि पीचमधली गुलाबी झाक लगेच उघडी पडते. तुकडा सागवानी दरवाजाला टेकवूनही बघा. पॉलिश केलेला साग स्वतःच नारिंगी असतो. गडद पीचच्या शेजारी तो विरघळून जातो, फिक्या पीचजवळ उठून दिसतो.

दिव्यांचं आधी ठरवा, रंगाचं मग. खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेली ट्यूब निळसर पांढरी असते. तिच्याखाली क्रीम हिरवट जाते आणि पीच दवाखान्यातल्या गुलाबी पडद्यासारखा दिसतो. उलट २७०० ते ३००० के च्या पिवळ्या दिव्यात क्रीमचा पिवळेपणा डोळ्याला जाणवेनासा होतो, भिंत पांढरी वाटते आणि पीच नारिंगी होतो. हॉलला ४००० के घ्या; दोन्ही रंग त्यात भानावर असतात. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त असेल तर उत्तम. दोन ट्यूब बदलण्याचा खर्च पुन्हा रंगकाम करण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

किती लागेल? भिंतींची एकूण लांबी ५० फूट. उंची साडेनऊ धरू, म्हणजे ४७५ चौरस फूट. त्यातून दोन दरवाजे (४२), पॅसेजची मोकळी जागा (२८) आणि खिडकी (२४) वजा केली तर उरतात सुमारे ३८०. चांगलं इमल्शन गुळगुळीत पुट्टीवर दोन हातांत लिटरला ११० ते १४० चौरस फूट जातं. हातचं राखून ११० धरलं तर साडेतीन लिटर. मशिनवर रंगवायच्या बेसचे डबे ०.९, ३.६, ९ लिटर अशा मापांत येतात. ३.६ चा एक पुरेल, पण काठावर. सोबत ०.९ चा एक त्याच वेळी, त्याच मशिनवरून काढून घ्या आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करा. शेवटच्या भिंतीला रंग कमी पडून आठवड्याने नवा डबा आणला की फिक्या छटेतही जोड दिसतो, आणि तो नेमका सोफ्याच्या वरच दिसतो. उरलेला रंग पाणी न घालता बंद डब्यात ठेवा. झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. चिठ्ठी दोन वर्षांत पुसली जाते.

छत राहिलं. ‘छताला पांढरा’ म्हटलं की रंगारी निळसर झाकीचा झगझगीत पांढरा लावून मोकळा होतो. त्याच्याखाली क्रीम मळकी दिसते. छताला मोडका पांढरा (ब्रोकन व्हाइट, म्हणजे शुभ्र नसलेला) सांगा, किंवा भिंतीच्याच रंगाची चौथाई कृती पांढऱ्या बेसमध्ये टाकून घ्या. दुकानात ‘पंचवीस टक्के’ म्हटलं की कळतं.

प्रश्न : बेडरूमची खिडकी पश्चिमेला. पलंगामागची एकच भिंत वेगळी रंगवायची आहे. ती खिडकीच्या बरोबर समोर येते. हळदी पिवळा घ्यावा की मातीच्या कुंडीचा टेराकोटा? सासूबाई म्हणतात, तांबड्या रंगाने आधीच तापणारी खोली आणखी तापेल. (नागपूर)

उत्तर : सासूबाईंना सांगा, निर्धास्त असा. खोली तापते ती बाहेरून: पश्चिमेच्या भिंतीतून, काचेतून आणि वरचा मजला असेल तर स्लॅबमधून. आतल्या रंगाने तापमानात जाणवेल असा फरक पडत नाही. बाहेरची भिंत आणि गच्ची पांढरी केली तर पडतो. टेराकोटा उजेड मात्र खातो. भिंतीवर पडलेल्या उजेडाचा चौथा-पाचवा हिस्साच तो परत देतो; फिकी क्रीम तीन चतुर्थांशाच्या आसपास देते. म्हणून तो एका भिंतीपुरताच बरा.

तुमच्या खोलीत आम्ही टेराकोटाच घेऊ. मार्च ते मे, दुपारी तीननंतर तिरपं ऊन थेट त्या भिंतीवर येणार. हळदी पिवळा त्या उन्हात डोळ्यावर येतो आणि त्याचा पिवळा उजेड छतापासून चादरीपर्यंत सगळीकडे पसरतो. टेराकोटा त्याच उन्हात खुलतो, अंगावर येत नाही. रात्रीही तोच सरस: पिवळसर दिव्यात हळदीचं तेज उतरतं, टेराकोटाचं वाढतं.

टिकण्याचा मुद्दा आणखी महत्त्वाचा. टेराकोटा लोखंडाच्या ऑक्साइडपासून होतो, गेरूच्या जातीचा. उन्हाने तो उडत नाही. हळदीचा चटक पिवळा ऑक्साइडने साधत नाही. त्यासाठी सेंद्रिय, म्हणजे कारखान्यात बनवलेली कार्बनी, पिवळी रंगद्रव्यं लागतात आणि त्यांतली स्वस्त जात रोजच्या उन्हात फिकट पडते. मग कपाटामागची पट्टी गडद आणि बाकीची भिंत फिकी, असा नकाशा उमटतो.

भिंत १२ बाय १० ची धरली तर १२० चौरस फूट. गडद रंगाला तिसरा हात लागतो असंच धरून चाला, म्हणजे दीड लिटरच्या आसपास, ०.९ चे दोन डबे. उशाजवळ निव्वळ मॅट लावू नका. गडद मॅट भिंतीला डोकं, उशी, पलंगाची फळी घासली की तिथे चकाकते आणि नखाचा ओरखडा पांढरा दिसतो. हलक्या चमकेचं, धुता येणारं इमल्शन घ्या.

उरलेल्या तीन भिंतींना शुभ्र पांढरा नको, टेराकोटाच्या शेजारी तो निळा भासतो. तांदळाच्या पेजेसारखा, किंचित तांबूस पांढरा घ्या. उत्तर-दक्षिण भिंतींवर संध्याकाळचं ऊन घासून जाणार. पुट्टीतले उंचवटे तिथेच दिसतील. प्रायमर मारण्याआधी रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला लावून आडवी धरा. जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि रंगाऱ्याकडून तेवढं घासून घ्या. रंग लागल्यावर हे सांगून उपयोग नाही.

प्रश्न : जुन्या घराच्या माजघराच्या भिंती जांभ्याच्या, चुन्याचा गिलावा. आजवर चुनाच लावतो. या वेळी रंग हवा. पिवडी (पिवळी माती) घालावी की काव (तांबडी माती, गेरू)? मुलगा म्हणतो, सरळ इमल्शन लावा. पावसाळ्यात भिंतीला खालून ओल असते. काम गणपतीआधी उरकायचं आहे. (सावंतवाडी तालुका)

उत्तर : इमल्शन नको, या भिंतीला तर मुळीच नको. जांभा पाणी पितो आणि चुन्यातून ते वाफ होऊन बाहेर पडतं; म्हणूनच ही घरं इतकी वर्षं उभी आहेत. इमल्शनचा पापुद्रा ती वाट अडवतो. ओल मागे साठते, लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) फुलतो आणि जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे सुटतात. शिवाय जुना चुना भुगभुगीत असतो. इमल्शन भिंतीला चिकटण्याऐवजी त्या भुगटीला चिकटतं आणि तिला घेऊनच खाली येतं.

पिवडी की काव, तर दोन्ही. माजघरात उजेड कमी, तेव्हा वर पिवडी. खाली जमिनीपासून तीन फूट कावेचा पट्टा. पाय लागतात, झाडूचे शिंतोडे उडतात, पावसाळ्यात तांबडी माती घरात येते. कावेवर यातलं काही उठून दिसत नाही. दोन्ही एकाच कुळातल्या, लोखंडाच्या मात्या: पिवडीतल्या ऑक्साइडला पाणी बांधलेलं असतं, ती भाजली की तांबडी होते. चुन्याच्या तिखटपणाने दोन्ही उडत नाहीत. दुकानातला चटक पिवळा किंवा नारिंगी पुडीतला रंग चुन्यात घालू नका, बरेचसे काही महिन्यांत मरतात.

कृती अशी. कळीचा (न विझवलेला) चुना एक किलो असेल तर पाणी साधारण पाच लिटर. चुना पाण्यात थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी उसळते आणि डोळ्यात गेली तर कायमची इजा होते. चष्मा आणि हातमोजे घालाच, पिंप लोखंडी किंवा मातीचं घ्या, प्लास्टिकची पातळ बादली वितळते. दोन दिवस भिजू द्या, मग धोतराच्या फडक्यातून गाळा. दहा लिटर निवळ चुन्याला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे कपड्याला लागणार नाही.

पिवडी किंवा काव आदल्या रात्री वेगळी भिजवा, गाळून घ्या आणि मगच मिसळा. कोरडी भुकटी थेट टाकली तर भिंतीवर कुंचल्यामागे गडद रेघा ओढल्या जातात. प्रमाण कोरड्या चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. किलोला १०० ग्रॅमच्या वर गेलात तर रंग हाताला लागू लागतो. सगळ्या भिंतींना पुरेल एवढं एकदमच कालवा. दुसऱ्या दिवशीची पिवडी पहिल्या दिवशीच्या पिवडीशी जुळत नाही.

चुन्याचं वाळणं इमल्शनच्या उलट. ओला असताना गडद आणि पारदर्शक, वाळला की कितीतरी फिका. पहिल्या तासात घाबरून पिवडी वाढवणं ही नेहमीची चूक. एका चिऱ्यावर किंवा कौलाच्या तुकड्यावर दोन हात मारा आणि दोन दिवसांनी बघा.

चुन्यात नीळ टाकायची सवय असेल तर या वेळी विसरा. पांढऱ्याला ती उठाव देते, पिवडीत पडली तर भिंत पोपटी होते.

आणि वेळ. गणपतीच्या आधी म्हणजे भर पावसात चुना नीट बसत नाही. भिंत पाण्याने भरलेली असते. काम मे महिन्यात करून घ्या. सैल पापुद्रे खरवडून, भिंत पाण्याने शिंपडून ओलसर करून, सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर. तीन पातळ हात, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर. एक जाड हात दिला तर आठवड्यात त्याला भेगा जातात.

प्रश्न : मुलांच्या खोलीत एक भिंत भडक पिवळी केली. तीन हात झाले तरी आतली पांढरी पुट्टी ढगांसारखी दिसते. रंगारी म्हणतो, चौथा हात द्या. भडक पिवळ्यात शिसं असतं असंही ऐकलं. (लातूर)

उत्तर : चौथ्यानेही भागेल याची खात्री नाही. पांढरा झाकतो तो त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. भडक रंगासाठी जो बेस वापरतात त्यात ते फारच थोडं असतं, नाहीतर रंग फिका होईल. वर चटक पिवळी रंगद्रव्यं मुळातच अर्धपारदर्शक. त्यामुळे खाली जे असेल ते दिसत राहतं.

खालचाच रंग बदला. ऑक्साइडच्या पिवळ्याने केलेला, गव्हाळ पिवळा झाकणारा असतो. त्याच कंपनीच्या साध्या इमल्शनमध्ये असा गव्हाळ रंग काढून एक हात द्या, वाळू द्या, मग भडक पिवळ्याचे दोन. झाकून निघेल. रंगात पाणी किती घातलं तेही विचारा. डब्यावर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे गेलं असेल तर दहा हात दिले तरी व्यर्थ. ढग नेमके पुट्टी दुरुस्त केलेल्या ठिकाणी असतील, तर तिथे प्रायमर मारलाच नव्हता. पुट्टी रंगातलं पाणी ओढून घेते आणि तो डाग कोरडा, मॅट दिसतो.

शिशाबद्दल: पूर्वीच्या चटक पिवळ्या आणि नारिंगी तैलरंगांत लेड क्रोमेट असायचं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तशी नोंद बघून घ्या. खरी काळजी जुन्या खिडक्या-दरवाजांच्या तैलरंगाची. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर आणि साबणाच्या पाण्याने ओला घासा, लगदा ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते काम होईपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

प्रश्न : नवीन फ्लॅट, गिलावा होऊन दोन महिने झाले. बिल्डरने मारलेल्या पांढऱ्यावर लगेच पीच मारला तर चालेल का? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : आधी भिंत कोरडी आहे का ते बघा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि चोवीस तासांनी काढा. आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंतीचा तेवढा भाग काळपट झाला तर थांबा. एक चाचणी जमिनीपासून फूटभर वर आणि एक बाथरूमच्या मागच्या भिंतीवर करा. ओल नेहमी तिथेच लपलेली असते.

नव्या सिमेंटचा क्षार ही दुसरी अडचण. पीचमधली सेंद्रिय तांबडी-नारिंगी रंगद्रव्यं क्षारात फिकी पडतात आणि चार-सहा महिन्यांत भिंतीवर पांढरट चट्टे येतात. ऑक्साइडवर आधारलेला बदामी रंग हे सहन करतो. पीचच हवा असेल तर क्षाररोधक प्रायमर मारून घ्या. बिल्डरचा पांढरा ओल्या फडक्याने पुसून बघा. फडकं पांढरं झालं तर तो खरवडल्याशिवाय वर काहीही लावू नका.

प्रश्न : स्विचबोर्डाजवळचे डाग उरलेल्या डब्यातल्या रंगाने झाकले. रंग तोच, तरी ठिगळ दिसतं. (ठाणे)

उत्तर : भिंत रोलरने रंगवलेली आणि डाग ब्रशने भरलेले असणार. रोलर बारीक संत्र्याच्या सालीसारखा पोत सोडतो, ब्रश रेघा सोडतो. दोन्हीवर उजेड वेगळा पडतो. त्यात फिक्या उबदार रंगांवर वर्षभराचा धूर, उदबत्तीची काजळी आणि हाताचं तेल बसलेलं असतं, म्हणजे जुनी भिंतच आता मूळ रंगाची राहिलेली नाही.

आधी बोर्डाच्या भोवतीची दोन-अडीच फूट भिंत सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून वाळू द्या. निम्मा फरक तिथेच जाईल. मग चार इंची छोट्या रोलरने, मूळ कामात जितकं पाणी घातलं होतं तितकंच घालून, डागापासून बाहेरच्या बाजूला जात जात रोलर कोरडा होऊ द्या. तरीही दिसलं तर ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक पूर्ण हात देऊन रंगवा. कोपऱ्यात उजेड बदलतोच, त्यामुळे तिथला जोड कुणाला सापडत नाही.